पेनल्टी किल सावरायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात संध्याकाळी मी मुलामुलींना इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांचे स्केट घालून खेळायची हॉकी, शिकवतो. त्याआधी काही वर्षं नोकरीनिमित्त कॅनडात होतो. तिथल्या एका वस्तीतल्या मुलांच्या आइस हॉकी संघाला मदत करायचो आणि पेनल्टी किल बसवायचं काम माझ्याकडे असायचं. आज गोव्यातली कितीतरी कुटुंबं टोरंटोच्या आसपास राहतात, त्यांची मुलं बर्फावर खेळतात. त्यांचे आईवडील मला मेसेज करून विचारतात, इकडची मुलं मैदानावर विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पेनल्टी किल म्हणजे नेमकं काय?

आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. कुणी अडखळवलं, स्टिकने ओढलं, पकडून ठेवलं की त्याला दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागतं. तेवढा वेळ, गोलकीपर सोडून, त्याच्या संघाचे चार खेळाडू समोरच्या पाच जणांशी झुंजतात. समोरच्यांचा तो पॉवर प्ले, आपला पेनल्टी किल. या वेळात गोल झाला तर दोन मिनिटांची साधी पेनल्टी तिथेच संपते. पाच मिनिटांची मोठी पेनल्टी मात्र कितीही गोल झाले तरी पूर्ण भोगावी लागते.

साध्या पेनल्टीलाही पूर्वी अशी सूट नव्हती. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियलच्या झाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेत ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने, नियम बदलला आणि गोल झाला की खेळाडू परत येऊ लागला.

आपल्या मैदानी हॉकीतही हिरवं कार्ड मिळालं की दोन मिनिटं माणूस कमी होतो. मग फरक काय?

तत्त्व एकच आहे. ४ ऑगस्ट २०२४ चा पॅरिस ऑलिंपिकमधला भारत-ब्रिटन सामना आठवा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा सामना भारत दहा जणांनिशी खेळला. हरमनप्रीतने गोल केला, ब्रिटनने बरोबरी साधली, आणि पुढे १-१ ची ती कोंडी भारताने शेवटपर्यंत फुटू दिली नाही. शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलो. आमच्या मुलांना पेनल्टी किल समजावताना मी सगळ्यात आधी तोच सामना दाखवतो. आपले खेळाडू चेंडूमागे धावत नव्हते. वर्तुळाच्या मध्यभागी दाटीने उभे राहून ते ब्रिटनला कडेकडेने फिरायला लावत होते, आणि मागे श्रीजेश होता.

फरक आहे तो जागेचा आणि वेगाचा. एनएचएलची रिंक ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. मैदानी हॉकीचं मैदान ९१.४ बाय ५५ मीटर असतं. शिवाय रिंकभोवती भिंत असते, त्यामुळे पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) सहसा बाहेर जात नाही आणि श्वास घ्यायला खंड मिळत नाही.

आमचा किल वाईट आहे हे कशावरून ठरवायचं?

जितक्या वेळा माणूस कमी पडला, त्यातल्या किती वेळा गोल न खाता निभावलं, त्याची टक्केवारी काढतात. एनएचएलमध्ये साधारण ८० टक्के ही सरासरी धरतात. ८५ च्या वर उत्तम, ७५ च्या खाली काळजीचं.

पण लहान संघाने या टक्केवारीच्या नादी लागू नये. एनएचएलचा संघ हंगामात सुमारे अडीचशे वेळा माणूस कमी असताना खेळतो. तुमचा संघ वीस-पंचवीस वेळा खेळला असेल. तेवढ्यात दोन पक कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेले की टक्केवारी दहाने घसरते. म्हणून मी वहीत तीनच गोष्टी टिपतो: समोरचे किती वेळा पक ताब्यात ठेवून आपल्या भागात शिरले, आपल्याला पक मिळाल्यावर तो पहिल्याच प्रयत्नात किती वेळा बाहेर गेला, आणि गोलवरचे फटके कुठून आले, कडेने की मधून. तिसऱ्या रकान्यात ‘मधून’ वाढत असेल तर टक्केवारी आज चांगली दिसली तरी उद्या कोसळणार.

सगळ्यात आधी काय दुरुस्त करायचं?

मधली जागा. बाकी सगळं नंतर.

माझं आजोळ बोरीला, जुवारीकाठी. तिथली खाजनं, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली शेतं, पाहिली असतील त्यांना हे लगेच कळेल. नदीचं खारं पाणी दिवसातून दोनदा चढतं. भरती कुणी थांबवू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही कुणी करत नाही. मातीचा बांध घालतात आणि पाण्याच्या वाटेवर मानस, म्हणजे लाकडी दारांची झडप, बसवतात. भरती चढली की मानसाची दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. बांधाबाहेर पाणी हवं तेवढं हललं तरी शेत कोरडं राहतं. आजोबा बांधावरून फिरायचे ते भगदाड शोधत, पाण्याकडे बघत नसत.

पेनल्टी किलमध्ये शेत म्हणजे गोलसमोरची ती पट्टी, दोन्ही फेसऑफ वर्तुळांच्या (जिथे पंच पक टाकून खेळ सुरू करतो) मधली, जिला स्लॉट म्हणतात. बहुतेक धोकादायक फटके तिथून येतात. त्याहून वाईट म्हणजे त्या पट्टीला आडवा छेदून जाणारा पास. पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की गोलकीपरला अख्खं शरीर सरकवावं लागतं, आणि तो सरकत असतानाच फटका येतो. भिंतीलगत पक फिरत असेल तर फिरू द्या. त्यात त्यांचे पंधरा सेकंद जातात, आणि सेकंद आपल्या बाजूचे आहेत.

हरणाऱ्या संघाचं दुखणं नेमकं उलटं असतं. गोल बसले म्हणून मुलं घाबरतात, घाबरली की पकवर धावतात. एक कोपऱ्यात गेला, त्याच्या मदतीला दुसरा गेला, आणि मध्ये भगदाड पडलं. प्रशिक्षक बाकावरून ‘जा, जा, पकड त्याला’ ओरडतात तेव्हा ते भगदाड आणखी रुंद होतं. मीही असा ओरडलो आहे आणि त्याच सामन्यात त्याच जागेतून गोल खाल्ला आहे. तेव्हापासून किल चालू असताना मी फक्त ‘मध्ये’ एवढा एक शब्द बोलतो.

यासोबत दोन सवयी लावाव्या लागतात. पहिली म्हणजे स्टिकचं पातं सतत बर्फावर आणि पासच्या वाटेत. हवेत धरलेल्या स्टिकचा उपयोग शून्य. दुसरी, जागा बदलताना मोठा गोल वळसा नको. थांबायचं आणि सरळ निघायचं. वळसा घेणाऱ्याची पाठ क्षणभर पककडे होते. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना तेवढा क्षण पुरतो.

बॉक्स, डायमंड, वेज यांतली कोणती रचना घ्यावी?

समोरचा पॉवर प्ले कसा उभा राहतो ते आधी बघा.

बॉक्स म्हणजे चौकोन: वर दोन फॉरवर्ड, खाली दोन डिफेन्समन. शिकायला सोपा, नव्या संघाने इथूनच सुरुवात करावी. पण आज एनएचएलमध्ये सर्रास दिसणारा पॉवर प्ले एक-तीन-एक असा असतो. एक जण निळ्या रेषेजवळ (आपला भाग जिथे सुरू होतो ती रेषा) वर, दोन दोन्ही कडांना, एक गोलकीपरच्या तोंडासमोर आणि एक बरोबर तुमच्या चौकोनाच्या पोटात. पोटातल्या त्या माणसाला बंपर म्हणतात. त्याला कुणी घ्यायचं यावर चौघांचा गोंधळ उडतो.

डायमंडमध्ये एक वर, दोन बाजूंना, एक खाली. वरून आणि कडांवरून फटके मारणाऱ्यांना याने चांगला आळा बसतो, पण गोलजवळ एकटाच डिफेन्समन उरतो.

वेज मला सगळ्यात जास्त आवडतो. तिघांचा त्रिकोण गोलसमोर घट्ट, आणि चौथा, म्हणजे एक फॉरवर्ड, पकवाल्यावर दबाव टाकत वर फिरतो. पक दुसऱ्या बाजूला गेला की दोन फॉरवर्ड आपसात भूमिका बदलतात: वरचा त्रिकोणात उतरतो, त्रिकोणातला वर निघतो. ही अदलाबदल जमली तर बंपर कायम त्रिकोणात अडकलेला राहतो. जमली नाही तर दोघंही वर, किंवा दोघंही खाली. त्यामुळे बॉक्स पक्का झाल्याशिवाय वेजला हात घालू नका. एका हंगामात तीन रचना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची मुलं सामन्यात एकही रचना उभी करू शकत नाहीत, हे मी कॅनडातही पाहिलं आणि इथेही.

समोर एखादा जबरदस्त फटकेबाज असेल तर?

एनएचएलमधल्या अलेक्झांडर ओव्हेच्किनचं उदाहरण घ्या. पॉवर प्लेवर तो वर्षानुवर्षं डाव्या वर्तुळापाशी उभा राहतो. कुठून मारणार ते जगाला माहीत असतं, तरी पॉवर प्लेवरच्या गोलांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याने कारकिर्दीतल्या एकूण गोलांत वेन ग्रेट्झ्कीला मागे टाकणारा ८९५ वा गोल केला, तोही पॉवर प्लेवर. एका माणसाला पूर्ण झाकायचं तर एक किलर, म्हणजे किलवरचा आपला एक खेळाडू, त्याला चिकटवावा लागतो, मग उरलेले तीन विरुद्ध चार. काही संघ ते करतात. लहान वयोगटात मी त्याच्याकडे जाणारा पास अडवण्यावर भर देईन, कारण तो पास जवळजवळ नेहमी वरच्या खेळाडूकडूनच येतो.

मग दबाव टाकायचाच नाही का?

टाकायचा, पण खूण दिसल्यावर, आणि चौघांनी एकदम. पकवाला पाठ वळवून भिंतीकडे तोंड करून उभा आहे, पास त्याच्या स्केटमध्ये अडकला, पक उसळतो आहे, किंवा मोकळा पडला आहे आणि आपण अर्ध्या पावलाने पुढे आहोत: या खुणा. एकटा धावला तर बाकीचे तिघं उघडे पडतात. आमच्यात सगळ्यात जवळचा ‘गेलो’ म्हणतो आणि बाकीचे आपापली पुढची वाट बंद करतात. तो काही बोलला नाही तर कुणीही हलायचं नाही.

पक मिळाला की काय करायचं?

बाहेर फेकायचा, पूर्ण लांबीचा. माणूस कमी असलेल्या संघाला एनएचएलमध्ये आइसिंग लागत नाही, म्हणजे आपल्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत पक मारला तरी शिट्टी वाजत नाही. त्यांना परत जाऊन पक आणायचा, पुन्हा रचना उभी करायची, यात सहज पंधरा-वीस सेकंद जातात. अमेरिकेत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र ही सवलत नाही. तुमचं मूल कोणत्या नियमांखाली खेळतं ते आधी विचारून घ्या.

अर्धवट फेकलेला पक हा कमकुवत किलचा सगळ्यात मोठा शत्रू. निळ्या रेषेवर उभा असलेला त्यांचा खेळाडू तो अडवतो, आपण दमलेले असतो, आणि सगळं पुन्हा सुरू होतं. पक भिंतीलगत काढा किंवा उंच काढा, मधून कधीच नको. उंच काढताना एक सावधगिरी: आपल्या भागातून पक थेट काचेवरून बाहेर गेला तर एनएचएलमध्ये २००५-०६ पासून त्यालाही दोन मिनिटं मिळतात. चाराचे तीन होतात.

ते आत शिरायच्या आधीच अडवता येईल का?

येईल, आणि सगळ्यात स्वस्त किल तोच. पॉवर प्लेवाले बहुधा मधल्या भागात एकाला पक घेऊन पुढे पाठवतात, आपले किलर त्याच्यासोबत मागे सरतात, मग तो पक मागे सोडतो आणि मागून पूर्ण वेगात येणारा दुसरा तो उचलून आत घुसतो. यावर उपाय म्हणजे पहिल्याच्या मागे वाहवत न जाणं. एक फॉरवर्ड पुढे राहून त्यांना एका कडेला ढकलतो, बाकी तिघं निळ्या रेषेवर ओळीने उभे राहतात. मग त्यांना पक आत फेकून त्यामागे धावावं लागतं, आणि मोकळ्या पकची शर्यत आपल्याला हवीच असते.

फेसऑफ एवढा महत्त्वाचा आहे?

हो. एनएचएलमध्ये पेनल्टी लागली की पहिला फेसऑफ चूक करणाऱ्या संघाच्याच भागात होतो. तो जिंकून पक लगेच बाहेर काढला तर दोन मिनिटांतला मोठा तुकडा तिथेच संपतो. संघातला सर्वोत्तम फेसऑफवाला किलवर हवा, तो गोल करणारा नसला तरी.

किलवर कुणाला उतरवावं?

जो स्वतः कमी पेनल्टी घेतो, दमला तरी डोकं थंड ठेवतो आणि सांगितलेली जागा सोडत नाही. वेग दुय्यम. फॉरवर्डच्या दोन जोड्या आणि डिफेन्समनच्या दोन जोड्या पक्क्या करा, त्या वारंवार मोडू नका. तीस ते चाळीस सेकंदांनी बदला. पन्नास सेकंद झाले की पाय जड होतात, मग स्टिक वर येते, मग दुसरी पेनल्टी. दुसऱ्या पिरियडमध्ये दोन्ही संघ बाजू बदलतात आणि आपला बाक आपल्या गोलपासून दूर जातो. तेव्हा पक अर्धवट बाहेर काढून बदली करायला जाणं म्हणजे गोलला आमंत्रण.

गोलकीपरने काय करायचं?

त्याला पक दिसला पाहिजे. गोलसमोर उभ्या त्यांच्या माणसाशी आपला डिफेन्समन ढकलाढकली करत बसला की गोलकीपरसमोर एकाच्या जागी दोन पडदे होतात. मी मुलांना सांगतो, त्याची स्टिक उचल, त्याच्या बाजूला राहा, आणि तुझ्या गोलकीपरला लांबचा फटका बघू दे. लांबचा, दिसणारा फटका त्याचा. आडवा पास आणि परत उसळलेला पक आपला.

फटका अंगावर घेऊन अडवायचा का?

मोठ्यांनी, पूर्ण संरक्षक कपडे असतील तर. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलांना मी हे करू देत नाही. तिथे पक अडवायचा तो पासच्या वाटेत स्टिक ठेवून, म्हणजे फटक्याची वेळच येऊ नये.

तीन विरुद्ध पाच झाले तर?

लहान त्रिकोण, गोलला चिकटून. वरून मारू द्या. तिघांनीही आपली जागा सोडून वाहायचं नाही.

खरोखर सुधारलेला संघ कुठला दाखवता येईल?

व्हॅंकूव्हर कनक्स. २०२२-२३ मध्ये त्यांचा किल ७१.६ टक्के, एनएचएलमध्ये तळाला. पुढच्या हंगामात तोच ७९.१ वर गेला आणि त्यांनी आपला विभाग जिंकला. त्या उन्हाळ्यात त्यांनी इयन कोल आणि कार्सन सूसी हे डिफेन्समन, टेडी ब्लूगर आणि पिउस सूटर हे फॉरवर्ड आणले. मोठी नावं नव्हती, पण जागा न सोडणारी माणसं होती. गोलकीपर थॅचर डेम्कोही त्या हंगामात भरात होता. ७९ म्हणजे जेमतेम सरासरी, हे ध्यानात घ्या. तळाच्या संघाला उत्कृष्ट व्हायची घाई नसते, आधी सरासरीपर्यंत पोहोचलं तरी पुष्कळ सामने फिरतात.

दुसरं उदाहरण एडमंटनचं. २०२४ च्या प्लेऑफमध्ये त्यांनी सलग ३४ पेनल्टी निभावल्या. साखळी हंगामात तेच लोक मधल्या क्रमांकांवर होते. तो काळ मी पहाटे उठून पाहिला. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू यायचा आणि मी वहीत त्रिकोण काढत असायचो. चौघं किती कमी हलतात हे टीव्हीवर बघायचं असेल तर पक सोडून द्या, एकाच किलरवर दोन मिनिटं नजर ठेवा.

माणूस कमी असताना आपण गोल करायचा प्रयत्न करावा का?

ग्रेट्झ्कीने असे ७३ गोल केले, मारिओ लेमियोने १९८८-८९ च्या एका हंगामात १३. पण संघ धडपडत असेल तर आधी पक बाहेर काढा. आपले दोघं पुढे आणि त्यांचा एकच मागे अशी स्पष्ट संधी दिसली तरच निघा.

पेनल्टीच कमी झाल्या तर?

तर यातलं निम्मं वाचावंच लागणार नाही. समोरच्यांच्या भागात, आपल्या गोलपासून पन्नास मीटरवर, चिडून स्टिकने ओढलेली पेनल्टी सगळ्यात फुकटची. जवळजवळ प्रत्येक वेळी तिचं मूळ पायांत असतं: खेळाडू धावायचा थांबला म्हणून हात पुढे आला. त्यामुळे मी ओरडत नाही, त्याची शिफ्ट, म्हणजे एका वेळी खेळायची पाळी, छोटी करतो.

गोव्यात बर्फ नाही. सराव कसा करता?

बहुतेक लडाखच्या असलेल्या आपल्या मुली, ज्यांना नैसर्गिक बर्फ थंडीचे मोजकेच आठवडे मिळतो, २०२५ च्या आशिया चषकात भारतासाठी कांस्यपदक घेऊन आल्या. आमच्याकडे तेही आठवडे नाहीत, पण पेनल्टी किल हा बराचसा जागेचा खेळ आहे आणि जागा सिमेंटवरही शिकता येते. इनलाइन हॉकीत गोलकीपर सोडून चार जण असतात, त्यामुळे आमचा किल तीन विरुद्ध चार.

खडूने गोलसमोर स्लॉट आखतो. पहिला आठवडा स्टिक उलटी धरून, म्हणजे पक हिसकावताच येत नाही, फक्त पायांनी आणि दांड्याने वाट अडवायची. दुसऱ्या आठवड्यात तिघांच्या कमरेला एकच सैल दोरी बांधतो. कुणी एकटा धावला की दोरी ताणते आणि बाकीच्यांना लगेच कळतं. तिसऱ्या आठवड्यात स्टिक सरळ, आणि घड्याळ लावून चाळीस-चाळीस सेकंदांच्या फेऱ्या. जूनपासून चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) पावसात कोर्ट निसरडं असतं, तेव्हा सभामंडपात चपला काढून हेच सगळं चालत करतो. चालत केलेलं जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

आमच्या मुलीला प्रत्येक पेनल्टीला उतरवतात, पॉवर प्लेला मात्र कधीच नाही. ही शिक्षा आहे का?

हा प्रश्न एका आईने ब्रॅम्पटनहून विचारला होता, आणि तिचा रोष मला समजला. गोल करणाऱ्या मुलांचे फोटो निघतात, पक बाहेर काढणाऱ्यांचे नाहीत. पण संघ अडचणीत असताना प्रशिक्षक ज्याच्याकडे वळतो त्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास असतो. प्रशिक्षकाने हे मुलीला तोंडाने सांगितलं आहे का ते विचारा. नसेल तर त्याला सांगायला लावा. आणि घरी गोल किती झाले हे विचारण्याआधी, पक किती वेळा बाहेर काढलास, ते विचारा. तिला तो आकडा पाठ असेल.